गाईड आणि विद्यार्थी मिळून संशोधन करताना: पीएच.डी.वाल्यांचे नेहमीचे प्रश्न

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आणि त्यांच्या संलग्न संशोधन केंद्रांत पीएच.डी. करणारी मुलंमुली हे प्रश्न दरवर्षी विचारतात. कुणी विभागाच्या कट्ट्यावर विचारतं, कुणी रात्री अकराला फोन करून. मी सामाजिक शास्त्रांत शिकवतो आणि मार्गदर्शन करतो, त्यामुळे उदाहरणं बहुतेक तिकडचीच आहेत. नियम म्हणून जे सांगितलंय ते मुख्यतः विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीतलं आहे. प्रत्येक विद्यापीठाची परिपत्रकं वेगळी असतात, तेव्हा अर्ज करण्याआधी आपल्या पीएच.डी. कक्षाचं ताजं परिपत्रक जरूर वाचा.

नेट झाली, आता गाईड कसा शोधू?

जून २०२४ पासून नेटचे, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे, गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरले जातात. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) नसलेल्यांसाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन आहे, आणि हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. म्हणजे गाईड शोधायला निकालानंतर फार वेळ उरत नाही. शोध आधीच सुरू करा.

नावाजलेल्या माणसामागे धावण्याआधी दोन गोष्टी करा. त्या गाईडच्या हाताखाली झालेले प्रबंध ‘शोधगंगा’वर उघडून बघा. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात. प्रबंध कसे झालेत, संदर्भ नीट आहेत का, एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात का, हे तासाभरात कळतं. दुसरं म्हणजे त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना भेटा. ‘सर कसे आहेत?’ असं विचारलंत तर ‘चांगले आहेत’ एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा ‘शेवटचं प्रकरण दिल्यावर किती दिवसांनी परत आलं?’ असं विचारा.

मॅडम तयार आहेत, पण ‘जागा नाही’ म्हणतात. हे खरं असतं का?

बहुतेक वेळा खरं असतं. एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. शिवाय निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. जागा कधी रिकामी होतेय ते स्पष्ट विचारा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

विषय माझ्या मनाचा घ्यावा की सरांच्या प्रोजेक्टमधला?

सरांच्या प्रोजेक्टमधल्या विषयाला पैसा असतो, उपकरणं असतात, आधी जमवलेली माहिती असते. विज्ञान शाखेत तर बहुतेक वेळा हाच मार्ग असतो, कारण स्वतंत्र विषयासाठी रसायनं आणायची कुठून? मात्र प्रोजेक्टचा अहवाल आणि तुमचा प्रबंध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोजेक्टमधला नेमका कोणता प्रश्न तुमचा, हे सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहितानाच ठरवून घ्या. तसं न केल्यास तिसऱ्या वर्षी असं होतं की माहिती सगळी तुम्ही गोळा केलेली असते, पण त्यातलं प्रबंधात काय घालायचं ते प्रोजेक्टच्या मुदतीवर ठरतं.

मनाचा विषय घेतलात तर गाईडला त्यातलं किती कळतं ते तपासा. नियमाप्रमाणे दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक घेता येतो. पुष्कळ विद्यार्थी हा रस्ता वापरतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं. आंतरविद्याशाखीय विषयांत तर त्याच्याशिवाय भागत नाही.

पहिल्याच भेटीत काय काय ठरवावं?

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच प्रश्नावर. गाईड आणि विद्यार्थ्यांमधले जे तंटे माझ्यापर्यंत आले, त्यातले बहुतेक कुणी एक वाईट होतं म्हणून झालेले नव्हते. सुरुवातीला बोलायला हवं होतं ते कुणीच बोललं नव्हतं. विद्यार्थ्याला वाटलं, ‘सरांना कसं विचारू?’ सरांना वाटलं, ‘हे तर त्याला माहीतच असेल.’

तेव्हा कोर्सवर्क (पीएच.डी.च्या सुरुवातीचा अभ्यासक्रम) सुरू असतानाच बसा आणि बोला. भेट दर किती दिवसांनी? प्रकरण दिल्यावर ते किती दिवसांत वाचून मिळेल? पेपर निघाले तर नावांचा क्रम कशावर ठरेल? प्रश्नावल्या, मुलाखतींची रेकॉर्डिंग, प्रयोगाच्या वह्या कुणाकडे राहतील? फिल्डवर्कचा खर्च कुठून? विभागाची कुठली कामं तुमच्याकडे आणि आठवड्याला किती तास?

भेट संपली की त्याच दिवशी एक साधा ईमेल टाका: ‘सर, आज आपलं असं बोलणं झालं. काही चुकलं असेल तर सांगा.’ पाच ओळी पुरतात. भाषा अदबीची ठेवा, करारनाम्यासारखी नको. कुठलाही समंजस गाईड यावर रागावत नाही. उलट त्याच्याकडे पाच-सहा विद्यार्थी असतात, त्यालाही कुणाशी काय ठरलं ते आठवायला या ईमेलचा उपयोग होतो. आणि या एका ईमेलवर कुणी रागावलंच, तर तेही पहिल्या महिन्यात कळलेलं बरं.

सर प्रकरणं वाचतच नाहीत. महिनोन्‌महिने तशीच पडून असतात.

आधी बघा, तुम्ही काय देताय. शंभर पानांचं प्रकरण आणि वर ‘सर, बघून घ्या’ एवढंच लिहिलेलं असेल, तर सेमिस्टर चालू असताना कुणाच्याच हातून ते वाचून होत नाही. दहा-बारा पानं द्या आणि वर तीन प्रश्न लिहा: ‘पान ४ वरचं वर्गीकरण पटतं का? तक्ता ३ ठेवू की काढू? पान ९ वरच्या युक्तिवादाला हा पुरावा पुरेसा आहे का?’ नेमकं विचारलं की नेमकं उत्तर मिळतं.

तरीही हालचाल नसेल तर संशोधन सल्लागार समिती आहे. नियमानुसार दर सेमिस्टरला तुम्हाला या समितीपुढे काम मांडायचं असतं. अनेक ठिकाणी हा चहा-बिस्किटांचा कार्यक्रम होऊन बसलाय. तसं होऊ देऊ नका. काय झालं, काय अडलं आणि पुढच्या सहा महिन्यांत काय करणार, हे एका पानावर लिहून न्या. ‘प्रकरण दोन अमुक तारखेला दिलं, अभिप्राय यायचा आहे’ ही ओळ त्यात तक्रारीच्या सुरात न लिहिताही सगळं सांगून जाते. ही सहामाही नोंद पुढे मुदतवाढ मागताना किंवा गाईड बदलताना फार उपयोगी पडते.

पेपरवर आधी नाव कुणाचं?

विषयागणिक रीत वेगळी आहे. गणितात नावं बहुधा आडनावाच्या वर्णानुक्रमाने येतात. रसायनशास्त्रात आणि जीवशास्त्रात ज्याने मुख्य काम केलं त्याचं नाव पहिलं, प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं शेवटी. मानव्यविद्यांत पेपर बरेचदा एकट्याच्याच नावावर असतो.

एक उदाहरण घेऊ. एक विद्यार्थिनी बीड जिल्ह्यातल्या केज आणि धारूर तालुक्यांतल्या ऊसतोड कुटुंबांवर काम करत होती. प्रश्नावली तिच्या गाईडने बनवलेली, जुन्या अभ्यासांवरून. त्यात एक रकाना होता: ‘कुटुंबाचं मासिक उत्पन्न’. पहिल्या काही घरांत लोक गोंधळले, मग काहीतरी आकडा सांगू लागले. ही मुलगी कारखान्याच्या फडावर गेली, टोळीच्या कोप्यांमध्ये राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की ऊसतोडीत महिन्याचं उत्पन्न असं काही नसतंच. मुकादम हंगामाआधी कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो. मग टनावर मजुरी धरून ती फेडायची. फिटली तर फिटली, नाही तर उरलेली अंगावर राहते आणि पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडे जावं लागतं. तिने तो रकाना काढून तीन नवे रकाने सुचवले: उचल किती, फिटली किती, अंगावर किती राहिली. गाईडने नमुना निवड पुन्हा आखून दिली, जुन्या अभ्यासांशी तुलना कशी करायची ते दाखवलं, विश्लेषणातल्या दोन चुका पकडल्या.

आता पेपरचा मुख्य निष्कर्षच ‘अंगावर राहिलेल्या’ रकमेवर उभा आहे. माझ्या मते तिचं नाव पहिलं, गाईडचं दुसरं. प्रश्न पकडला तिने, माहिती आणली तिने, पहिला मसुदाही तिचा. गाईडचं काम खरं आणि मोलाचं आहे, म्हणून नाव हवंच. पण ‘मी गाईड आहे’ एवढ्यावर पहिलं नाव मिळत नाही.

नावांवरून एवढी ओढाताण का होते, हेही समजून घ्या. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत शिक्षकांच्या पदोन्नतीसाठी संशोधनाचे गुण ठरलेले आहेत. पेपरला दोनच लेखक असले तर दोघांनाही ७० टक्के गुण. दोनपेक्षा जास्त असले तर पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. म्हणजे तुम्ही दोघंच लेखक असाल तर कुणाचं नाव आधी यावर गाईडच्या गुणांत काही फरक पडत नाही. कित्येक शिक्षकांनाही हे ठाऊक नसतं. योग्य वेळी, अदबीने ही तरतूद दाखवली तर वाद तिथेच मिटू शकतो.

ज्यांनी काहीच केलं नाही अशा तिसऱ्या व्यक्तीचं नाव घालायला सांगतात.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने घालून दिलेली कसोटी आता बाकीच्या विषयांतही वापरतात: संकल्पना, माहिती किंवा विश्लेषण यांत ठोस वाटा, लेखनात किंवा त्याच्या दुरुस्तीत वाटा, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि उद्या प्रश्न आले तर उत्तर देण्याची तयारी. चारही हवेत. विभागप्रमुख असणं, यंत्र वापरू देणं, अनुदान मिळवणं यासाठी आभाराची ओळ आहे.

थेट ‘नाही’ म्हणणं आपल्याकडे कठीण जातं, ते मला कळतं. त्यावर तोडगा असा की, हल्ली अनेक नियतकालिकं प्रत्येक लेखकाने काय केलं ते लिहून मागतात. तो फॉर्म समोर ठेवा आणि ‘सर, त्यांच्या नावापुढे काय लिहू?’ असं विचारा.

पेपर प्रकाशित करणं सक्तीचं आहे का?

२०२२ च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाची किंवा फेलोशिपची वेगळी अट असू शकते, ती बघून घ्या. नोकरीच्या मुलाखतीत पेपर लागतातच, म्हणून लिहा जरूर.

आयोगाची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. तेव्हापासून नियतकालिक चांगलं की वाईट हे पारखण्याची जबाबदारी तुमच्यावर आणि गाईडवर आली. व्हॉट्सॲपवर ‘तीन दिवसांत प्रकाशन, सर्टिफिकेट मोफत’ अशी जाहिरात येते, तिथे पैसे आणि पेपर दोन्ही वाया जातात. संपादक मंडळातल्या दोघांची नावं त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधा. मागच्या अंकातले दोन लेख पूर्ण वाचा. स्कोपसमध्ये (नियतकालिकांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत) आहे असं म्हणत असतील तर स्कोपसच्या यादीत आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक) टाकून बघा, कारण खऱ्या नियतकालिकांच्या नावाने बनावट संकेतस्थळंही चालतात.

परिषदेत पेपर कुणी वाचायचा?

शक्य तिथे विद्यार्थ्याने. १९६१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राईल यांच्या निष्कर्षांना उत्तर द्यायचं होतं. केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांना जाता येत नव्हतं, तेव्हा त्यांनी आपल्या विद्यार्थ्याला पुढे केलं. तो विद्यार्थी म्हणजे जयंत नारळीकर. पीएच.डी. अजून व्हायची होती. पुढे १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा जो सिद्धांत आला, त्याला हॉईल-नारळीकर अशी दोघांची नावं आहेत. आपल्या विद्यार्थ्याला भर सभेत कठीण प्रश्नांपुढे उभं करणं हे गाईडचं कामच आहे.

डेटा कुणाचा? गाईड बदलला तर सोबत नेता येतो का?

प्रयोगशाळेतल्या वह्या आणि नमुने बहुधा संस्थेकडे राहतात, तुम्ही प्रती ठेवता. सर्वेक्षण आणि मुलाखतींच्या बाबतीत, लोकांनी संमती कशासाठी दिली होती हे आधी पाहावं लागतं. ज्यांनी ‘तुमच्या अभ्यासापुरतं’ म्हणून आवाज रेकॉर्ड करू दिला, त्यांचं रेकॉर्डिंग दुसऱ्याच प्रोजेक्टमध्ये वापरायचा हक्क गाईडलाही नाही आणि तुम्हालाही नाही. संमतीपत्रक मराठीत, वाचून दाखवता येईल असं लिहा.

लग्नामुळे किंवा इतर कारणाने गाव बदलणाऱ्या विद्यार्थिनींना संशोधनाची माहिती नव्या संस्थेत नेता येते, अशी स्पष्ट तरतूद आहे. मूळ संस्थेला आणि गाईडला श्रेय द्यावं लागतं.

पेटंट होण्यासारखं काही हाती लागलं असेल तर पेपर, पोस्टर, परिषद या सगळ्याआधी पेटंटचा अर्ज करा. आधी जाहीर झालेल्या गोष्टीचं नावीन्य संपतं. प्राथमिक अर्ज केला की पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात.

साम्य ९ टक्के आलं. म्हणजे सुटलो ना?

प्रबंधातला मजकूर आधीच्या लिखाणाशी किती जुळतो हे सॉफ्टवेअर टक्क्यांत सांगतं. आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पण सॉफ्टवेअर शब्द मोजतं. दुसऱ्याची कल्पना स्वतःच्या शब्दांत, संदर्भ न देता लिहिली तर आकडा शून्य येईल आणि चोरी तरीही चोरीच राहील. इंग्रजी पुस्तकाचं मराठी भाषांतर करून स्वतःच्या नावावर घालणं हा प्रकार मराठी प्रबंधांत मी पाहिलाय आणि त्याची मला मनापासून चीड आहे. प्रबंध वाङ्मयचौर्यमुक्त असल्याचं प्रमाणपत्र गाईडला सही करून द्यावं लागतं, म्हणजे तुमच्या उसनवारीत त्यांचंही नाव अडकतं.

सरांसोबत छापलेला पेपर प्रबंधात वापरणार असाल तर प्रकरणाच्या सुरुवातीलाच तसं लिहा आणि कुणाचा भाग कोणता तेही सांगा.

चॅटजीपीटी वापरलं तर चालतं?

विद्यापीठाचा आणि नियतकालिकाचा नियम बघा. एआयला लेखक म्हणून नाव देता येत नाही, कारण ते कशाचीही जबाबदारी घेऊ शकत नाही. भाषा सुधारायला वापरलंत तर गाईडला सांगा. चॅटजीपीटीने दिलेला प्रत्येक संदर्भ ग्रंथालयात उघडून बघा, कारण अस्तित्वातच नसलेली पुस्तकं ते बिनधास्त सांगतं.

नॅकच्या फायली, पेपर तपासणी, सरांची घरची कामं हे सगळं करावं लागतं का?

आठवड्याला ४ ते ६ तास ट्यूटोरियल, प्रात्यक्षिकं, मूल्यमापन असं शैक्षणिक साहाय्य देता येतं, असं नियमावली सांगते. त्यातून तुम्ही शिकवायला शिकता, ते करा. नॅकच्या, म्हणजे संस्थेच्या मूल्यांकनाच्या, वेळी आठवडाभर विभागाला हातभार लावला तर बिघडत नाही. पण वर्षभर फायलीच लावत बसलात तर सहामाही अहवालात लिहायला काही उरणार नाही. घरची कामं मुळीच नाहीत.

फेलोशिपच्या कागदांवर सही अडवून ठेवतात. पैशांबद्दलही सुचवतात.

जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपवर आपल्याकडची कितीतरी मुलंमुली शिकतात आणि घरीही पैसे पाठवतात. सहीच्या बदल्यात कुणी एक रुपया मागितला तरी ती लाच आहे. अनुदानित महाविद्यालयातला आणि विद्यापीठातला शिक्षक लोकसेवक धरला जातो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. ‘करिअर बिघडेल’ ही भीती मोठी असते, म्हणून एकट्याने लढू नका. विभागातल्या एका विश्वासू शिक्षकाला आधी सांगा, मेसेज आणि कॉलच्या नोंदी जपा. व्हायवा (प्रबंधाची तोंडी परीक्षा) झाल्यावर ‘जेवण’, ‘पाकीट’, बाह्य परीक्षकाचा पाहुणचार यांचा खर्चही विद्यार्थ्याने करायचा नसतो.

वेळ किती मिळतो? मध्ये बाळंतपण आलं तर?

कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर अजून दोन. महिलांना संपूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा घेता येते. गाईडने ‘लग्न करू नकोस’ असं सांगणं कोणत्याही नियमात बसत नाही.

सर निवृत्त होतायत.

निवृत्तीपर्यंत ते गाईड राहतात, नंतर सहमार्गदर्शक म्हणून ७० वर्षांपर्यंत चालू शकतात. मुख्य गाईड मात्र विभागातलाच दुसरा घ्यावा लागतो. निवृत्तीची तारीख आधीच माहीत असते, तेव्हा शेवटच्या महिन्याची वाट बघू नका.

त्रास होतोय. कुठे जाऊ?

लैंगिक छळ असेल तर अंतर्गत समिती. आयोगाचे २०१५ चे नियम विद्यार्थिनींनाही लागू आहेत, आणि तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. इतर अन्यायासाठी २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल आहे. गाईड बदलायचा असेल तर संशोधन केंद्रामार्फत अर्ज करा आणि मागच्या सहामाही अहवालांच्या प्रती जोडा. जातीवरून टोमणे, ‘तुमच्यासारख्यांना’ अशी भाषा, एकाच समाजाच्या विद्यार्थ्यांना व्हायवाला ताटकळत ठेवणं, हे ‘सरांचा स्वभाव’ म्हणून सोडून देण्यासारखं नाही. समान संधी कक्षाकडे लेखी द्या.

प्रबंध किती पानांचा हवा?

पानांवर काही नसतं. कमला सोहोनींना १९३३ साली बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ बाई म्हणून प्रवेश नाकारला गेला होता. झगडून त्या आत गेल्या आणि पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, ती जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर.

पीएच.डी. झाली. प्रबंधातून आता पेपर काढतोय, सरांचं नाव घालावं का?

त्यांचा वाटा असेल तर घालावं, नसेल तर आभार मानावेत, कसोटी वरचीच. मात्र मसुदा पाठवण्याआधी त्यांना दाखवा, कारण प्रोजेक्टच्या अनुदानाचा उल्लेख राहून गेला तर त्यांची पंचाईत होते. प्रबंध शोधगंगावर जाण्याआधी पुस्तकाचा करार झाला असेल तर ग्रंथालयाला आणि प्रकाशकाला लगेच कळवा. पत्त्याच्या जागी काम जिथे झालं ती संस्था लिहायची, नोकरी कुठेही लागलेली असो. नवी संस्था ‘सध्याचा पत्ता’ म्हणून तळटीपेत देता येते.